नांगराची खबर: एका कारखान्याच्या मासिकाची वाटचाल

आपल्या मालाची थेट भलावण न करता ग्राहकाला वाचनीय मजकूर पुरवावा आणि त्यातून नावाविषयी विश्वास निर्माण करावा, या पद्धतीला आजच्या विपणनशास्त्रात ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात. मराठी मुलखात मात्र हा प्रयोग, या नावाचा मागमूसही नसताना, 1920 साली एका नांगराच्या कारखान्यातून सुरू झाला होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाच्या स्पर्शाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी त्याला हात लावण्यास धजत नव्हते. 1910 मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि उत्पादनाचा जम बसत गेला, तरी मूळ अडचण किमतीची वा गुणवत्तेची नसून पिढीजात समजुतीची होती आणि समजूत पालटणे हे केवळ दरपत्रकाने साधणारे काम नव्हते.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजेच शं. वा. किर्लोस्कर, हे मूळचे चित्रकार असून कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहत होते. त्यांनी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ ही गृहपत्रिका, म्हणजे एखाद्या उद्योगसंस्थेने आपल्या परिवारासाठी व ग्राहकांसाठी काढलेले नियतकालिक, सुरू केली. कारखान्याच्या वार्तेपासून निघालेली ही पत्रिका हळूहळू उद्योग, आरोग्य, विज्ञान आणि समाजसुधारणा अशा विषयांकडे वळली, शंकररावांच्या ‘टाकाच्या फेकी’ या व्यंगचित्रांनी तिला खुसखुशीत धार आली आणि 1929 मध्ये नावातील ‘खबर’ गळून ती केवळ ‘किर्लोस्कर’ झाली.

या नामांतराचा अर्थ दुहेरी होता. मासिक कारखान्याचे मुखपत्र उरले नाही. मात्र त्याच्या मुखपृष्ठावर कारखान्याचेच नाव दरमहा झळकत राहिले, त्यामुळे ज्या मध्यमवर्गीय घरात नांगराचा काही उपयोग नव्हता तेथेही ‘किर्लोस्कर’ हा शब्द उद्यमशीलतेचा आणि आधुनिक विचारांचा पर्याय बनला. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध येथेच प्रसिद्ध झाले, आणि रूढीप्रिय वाचक दुखावण्याची जोखीम पत्करणे हा जणू या मासिकाचा स्वभावच ठरला.

वाचकवर्गाची विभागणी ओळखण्याची दृष्टीही येथे दिसते. 1930 मध्ये स्त्रियांसाठी ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून मराठी वाचकाची फुरसतीची भूक दाखवून दिली होती, किर्लोस्करवाडीच्या मासिकांनी त्या भुकेला सुधारणेची जोड दिली.

या सर्व वाटचालीकडे निव्वळ व्यापारी चातुर्य म्हणून पाहणे मात्र अपुरे ठरेल, कारण लोखंडी नांगर स्वीकारण्यासाठी शेतकऱ्याला जी रूढी ओलांडावी लागत होती आणि मासिकातील लेख वाचकाला ज्या रूढी ओलांडण्यास सांगत होते, त्यांचे मूळ एकच होते. म्हणून माल आणि मजकूर यांत विसंगती जाणवत नसे. पुढे ‘स्त्री’चे संपादन केलेल्या विद्या बाळ यांनी 1989 मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ हे स्वतंत्र मासिक सुरू केले, तेव्हा जाहिरात विभागातून निघालेल्या या परंपरेचा एक फाटा कोणत्याही मालाशी संबंध न ठेवता स्त्रीमुक्तीच्या चळवळीला येऊन मिळाला.