लोखंडी चाक घसरतं, रबरी चाक उसळतं



ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांवर पळतो, मग त्याला ट्रेलरवर चढवायचं कशाला? पण पहिले ट्रॅक्टर सडकेवर नेणं हीच शिक्षा होती. अमेरिकेत १९१७ साली हेन्री फोर्डच्या कारखान्यातून फोर्डसन ट्रॅक्टर निघू लागले. चाकं लोखंडी, मागच्या चाकांना पोलादी दाते. शेतात पकड झकास. पक्क्या सडकेवर मात्र दाते सडक उखडणार आणि चालवणाऱ्याची हाडं खिळखिळी करणार. म्हणून लांब न्यायचं तर आगगाडी, नाहीतर ट्रेलर. वजन सव्वा टनाच्या आसपास, आणि लोखंड फळीवर घसरणारं. चाकांना पुढून-मागून उटी लावल्यावाचून गत नव्हती.

१९३२ साली अ‍ॅलिस-चामर्स कंपनीनं ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर बसवले. लोकांचा विश्वास बसेना! मग १९३३ साली बार्नी ओल्डफील्ड या शर्यतवाल्यानं डॅलसला रबरी चाकांचा ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांनी पळवून दाखवला. (आपण तसलं धाडस करू नये.)

तेव्हापासून ट्रॅक्टर आपल्या पायांनी गावोगाव फिरू लागला. पट्ट्याचा ट्रॅक्टर तेवढा ट्रेलरवरच राहिला. पण बंद पडला, उलटला, किंवा फार लांब न्यायचा असला, की रबरी चाकांचा ट्रॅक्टरही ट्रेलरवर चढतोच, आणि तिथं घात होतो. रबर घसरत नाही, म्हणून माणूस नुसत्या उटीवर विसंबतो. पण खड्ड्यात टायर दबतो, साखळी सैल पडते. टायर उसळला की तिलाच हिसका बसतो. असे शंभर हिसके बसले की घट्ट गाठही ढिली होते.

म्हणून साखळी दोरखंडापेक्षा बरी. चार साखळ्या घ्या, दोन पुढं ओढणाऱ्या, दोन मागं. त्या सांगाड्याला किंवा धुऱ्याला खालून अडकवा, स्टिअरिंगच्या दांड्यांना कधीच नाही. ब्रेक लावा, गिअरमध्ये ठेवा, मागचं अवजार खाली टेकवा. ट्रॅक्टर थोडा पुढं उभा करा. फार मागं राहिला तर ट्रेलरचं तोंड वर उचललं जातं आणि गाडी हेलकावते. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर तेही वजनात धरा.

निघाल्यावर चार-पाच किलोमीटरवर थांबून साखळ्या पुन्हा आवळा. ट्रेलरवरच्या ट्रॅक्टरच्या सीटवर कुणालाही बसू देऊ नका, पोरांना तर नाहीच.