ब्रॉड स्ट्रीटचा पंप

‘पटकी’ हा शब्द उच्चारताना घरातील वडीलधाऱ्यांचा आवाज आपोआप खाली येई. गावच्या विहिरीत लाल औषध पडले, की ते गुलाबी पाणी निमूटपणे प्यावयाचे, हेही आपल्यापैकी अनेकांनी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. पटकी पाण्यातून पसरते हे आज शाळकरी मुलासही ठाऊक असते. ते ज्या वस्तीत प्रथम उमगू लागले, त्या लंडनमधील सोहोची हकिकत आम्ही येथे सांगत आहोत.

राणी व्हिक्टोरियाच्या काळातील सोहो म्हणजे विलक्षण दाटीची वस्ती. एकेका घरात अनेक बिऱ्हाडे, मधूनमधून गाईंचे गोठे आणि घरांखाली मैल्याचे हौद. साम्राज्याच्या राजधानीची ही दशा! दुर्गंधीमुळेच रोग होतो, असे त्या काळी बहुतेक जाणकार मानीत. एडविन चॅडविक यांच्यासारख्या कळकळीच्या सुधारकानेही याच समजुतीपोटी घरोघरची घाण गटारांवाटे थेम्स नदीत सोडण्याचा आग्रह धरला. आणि शहराचा मोठा भाग त्याच नदीचे पाणी पीत होता.

१८५४ च्या ऑगस्टअखेर ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकी उसळली. पहिल्या तीन दिवसांतच १२७ माणसे दगावली. साथ ओसरेपर्यंत हा आकडा ६१६ वर गेला. जवळच राहणारे डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी केली. राणीला १८५३ साली प्रसूतिसमयी क्लोरोफॉर्म देणारे वैद्य ते हेच. बहुतेक मृत ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी पीत, असे त्यांना आढळले. शेजारच्या निराधारगृहात ५३५ माणसे होती, त्यांतील पाचच दगावली. त्यांची विहीर स्वतंत्र होती. बिअरच्या कारखान्यातील कामगार बिअरच पीत, तेही वाचले. उलट, दूर हॅम्पस्टेड येथे राहणारी एक वृद्धा चवीसाठी मुद्दाम याच पंपाचे पाणी मागवी. ती गेली! स्नो यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला पंपाची मूठ काढण्यात आली.

येथवरची कथा पुष्कळांना परिचित असते. आम्हांस मात्र तिचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. मूठ निघाली तेव्हा साथ आधीच उतरणीला लागली होती. आरोग्यमंडळाने स्नो यांचे मत फेटाळले, आणि काही काळाने मूठ पुन्हा बसलीही. तेथील तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांनाही ते मत पटले नव्हते. ते खोडून काढण्यासाठीच त्यांनी स्वतंत्र शोध आरंभिला. त्यांच्यापाशी स्नो यांना नसलेले एक बळ होते: प्रत्येक घर त्यांच्या ओळखीचे होते. आजारपणात ते ज्यांच्या उशाशी बसले, त्यांच्याच घरी ते पुनःपुन्हा जाऊन विचारीत राहिले; आणि आपलाच समज चुकीचा, असे त्यांना हळूहळू दिसू लागले. माणसाला हे सोपे नसते.

मृत्यूच्या नोंदी चाळताना त्यांना ४० क्रमांकाच्या घरातील एक तान्ही मुलगी सापडली. ती २ सप्टेंबरला वारली, पण तत्पूर्वी चार दिवस तिला जुलाब होत होते, म्हणजे साथीच्याही आधीपासून. तिचे कपडे धुतलेले पाणी आईने घरासमोरील हौदात ओतले होते. खोदून पाहता हौदाच्या विटा खिळखिळ्या झालेल्या आढळल्या. विहीर तेथून जेमतेम तीन फुटांवर! पुढे ध्यानात आले ते तर अंगावर काटा आणणारे होते. त्या मुलीचा बाप आजारी पडला तो नेमका ८ सप्टेंबरला, मूठ निघाली त्याच दिवशी. ती निघाली नसती, तर दुसरी साथ उद्भवण्याचा धोका उघड होता.

स्नो १८५८ साली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. त्याच उन्हाळ्यात थेम्सच्या असह्य दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झाले, आणि बॅझलजेट यांच्या भव्य भुयारी गटारांस मंजुरी मिळाली. गंमत अशी, की कारण मानले गेले ते दुर्गंधीच! १८६६ साली पूर्व लंडनमध्ये पटकी आली, तेव्हा तपासास व्हाइटहेड यांनी साहाय्य केले. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात या रोगाचे जंतू दाखवून दिले. व्हाइटहेड १८९६ पर्यंत हयात होते. त्यांच्या अभ्यासिकेत स्नो यांची तसबीर असे.