बडा शिमलाचा मणका

स्पर्धा परीक्षांच्या सामान्य विज्ञानाच्या गाईडमध्ये जीवाश्मांच्या पानावर एक ओळ असते : भारतातले डायनासोरचे पहिले जीवाश्म १८२८ साली जबलपूरला सापडले. अभ्यासिकेत बसलेला मुलगा तिच्याखाली रेघ मारतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. त्याच मुलाने इतिहासात ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन पाठ केलेला असतो, ब्राह्मी लिपी वाचणारा जेम्स प्रिन्सेप पाठ केलेला असतो आणि भूगोलात गोंडवन. या सगळ्या ओळी जबलपुरातल्या एकाच टेकडीपाशी येऊन मिळतात, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही.

ती टेकडी म्हणजे बडा शिमला. शेजारी छोटा शिमला, जवळच पाटबाबाचं मंदिर आणि १९०४ साली उभी राहिलेली गन कॅरेज फॅक्टरी. टेकडीच्या माथ्यावर काळा बेसॉल्ट आहे, आपल्या सह्याद्रीचा आणि अजिंठ्याच्या लेण्यांचा तोच दगड. या लाव्ह्याच्या खाली हिरवट वाळूखडक, चुनखडी आणि ठिपकेदार मातीचे थर आहेत. भेडाघाटाजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून भूवैज्ञानिक त्यांना लमेटा थर म्हणतात. लाव्हा वाहून येण्याआधी इथे नद्या आणि ओलसर जमिनी होत्या. त्या गाळात मेलेले प्राणी गाडले गेले, त्यांच्या हाडांच्या बारीक पोकळ्यांत खनिजं साचत गेली आणि वर लाव्ह्याने झाकण घातलं. पावणेसात कोटी वर्षांची हाडं शाबूत राहिली ती अशी.

नागपूरकर भोसल्यांकडून जबलपूर इंग्रजांकडे गेलं, त्याला १८२८ साली जेमतेम दहा वर्षं झाली होती. कॅप्टन विल्यम स्लीमन तिथे नेमणुकीला होता. दगड झालेल्या झाडांच्या खोडांचं त्याला कुतूहल होतं. त्याच शोधात बडा शिमलाच्या उतारावर त्याला मोठाली हाडं मिळाली. ती कुणाची, हे सांगणारं शास्त्र तेव्हा नुकतं रांगत होतं. मेगॅलोसॉरसला नाव मिळून चार वर्षं झाली होती, इग्वानोडॉनला तीन. ‘डायनासोर’ हा शब्द रिचर्ड ओवेनने घडवला तो १८४२ साली. म्हणजे स्लीमनने डायनासोर शोधला हे खरं असलं, तरी आपण काय शोधलंय हे त्याला कळण्याची सोयच नव्हती. म्हणूनच त्याचं कौतुक अधिक वाटतं. न ओळखता आलेली वस्तू त्याने फेकून दिली नाही.

हाडं जबलपूरच्या सर्जन स्पिल्सबरीकडे गेली आणि त्याच्याकडून कलकत्त्याला प्रिन्सेपकडे. ब्राह्मीचं कोडं सुटायला अजून काही वर्षं होती. टांकसाळीतला हा माणूस नाणी, शिलालेख, हवामान, हाडं, काहीही आलं तरी टिपून ठेवी, छापी. पुढे हे मणके कलकत्त्याच्या संग्रहालयात पडून राहिले. १८७७ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड लिडेकरने शेपटीच्या दोन मणक्यांवरून आणि मांडीच्या एका हाडावरून या प्राण्याला नाव दिलं, टायटनोसॉरस इंडिकस.

लिडेकरला दिसलं होतं ते असं. शेपटीच्या प्रत्येक मणक्याची पुढची बाजू वाटीसारखी खोलगट आणि मागची गोल फुगीर. एकाचा गोळा दुसऱ्याच्या खळग्यात नेमका बसतो, त्यामुळे शेपटी चहूकडे वळू शकते. या एका खुणेवर त्याने प्राणी वेगळा ठरवला. या नावावरूनच लांब मानेच्या, महाकाय शाकाहारी डायनासोरांच्या एका अख्ख्या गटाला जगभर टायटनोसॉर म्हणू लागले. अर्जेंटिनातला प्रचंड अर्जेंटिनोसॉरसही याच गटातला. त्या गटाचं नाव जबलपूरच्या दोन मणक्यांवरून पडलं आहे, आणि ही ओळ खरं तर गाईडमध्ये असायला हवी.

पुढची खोदाई भूवैज्ञानिक चार्ल्स मॅटलीची. १९१७ ते १९१९ या काळात त्याने बडा शिमला आणि छोटा शिमला पद्धतशीर तपासले. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख फॉन ह्यूने याच्याबरोबर त्याने १९३३ साली मध्य प्रांतातल्या डायनासोरांवर ग्रंथ काढला. त्यात इंडोसुकस आणि इंडोसॉरस हे मांसाहारी आहेत आणि जबलपूरचं नाव मिरवणारा छोटा जबलपुरियासुद्धा. या मांसाहारींचे जवळचे नातलग नंतर सापडले मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत. चीन-मंगोलियात नाही. गाईडांतल्या ‘आशियातला पहिला डायनासोर’ या वाक्याचा अर्थ इथे लक्षात घ्यावा लागतो. तो प्राणी जिवंत होता तेव्हा भारत आशियात नव्हताच. गोंडवनाच्या महाखंडापासून सुटून भारतभूमी समुद्रातून उत्तरेकडे सरकत होती. आशियाशी तिची धडक व्हायला अजून दीडएक कोटी वर्षं होती.

मधल्या काळात लिडेकरचे मूळ मणकेच हरवले. ज्यांच्यावर एका प्रजातीचं नाव उभं आहे, ते नमुने कुठे ठेवलेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. २०१२ साली धनंजय मोहबे, शुभाशिष सेन आणि अमेरिकेतले जेफ्री विल्सन यांनी कोलकात्यातल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात शोधाशोध केली आणि त्यांतला एक मणका हाती लागला. पुढच्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये त्याची हकिगत छापून आली. मोहबे हे नागपूरचे. सर्वेक्षणात नोकरी करताना गुजरातच्या खेडा जिल्ह्यात डायनासोरची अंडी शोधणारे तेच. जबलपुरातही पाटबाबाच्या टेकडीवर अशा अंड्यांच्या जागा मिळाल्या आहेत. मोठे प्राणी या मऊ जमिनीत अंडी घालायला येत असले पाहिजेत. हाडं एकट्या प्राण्याची गोष्ट सांगतात. त्याचा वंश कसा वाढत होता, हे अंड्यांमुळे कळू लागतं.

मणका सापडला खरा, पण त्याचं नाव तोवर डळमळलं होतं. २००३ साली विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी दाखवून दिलं की पुढे खळगा, मागे गोळा ही खूण एकट्या टायटनोसॉरसची नाही, डझनावारी टायटनोसॉरांची आहे. ज्या हाडावरून प्राणी दुसऱ्यांपासून वेगळा ओळखता येत नाही, त्या हाडावर प्रजाती उभी राहत नाही. गटाचं नाव टिकलं, ज्याच्यावरून ते पडलं तो प्राणी मात्र संशयास्पद ठरला. बडा शिमलाच्याच दुसऱ्या एका टायटनोसॉरला आता जैनोसॉरस म्हणतात, सोहनलाल जैन या भारतीय जीवाश्मशास्त्रज्ञाच्या नावावरून. वर्गीकरण म्हणजे नावांची यादी नव्हे, तर कोणती खूण कशाचा पुरावा धरायची याचा वाद, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

या कथेचं एक टोक महाराष्ट्रात आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथेही लमेटाचेच थर आहेत. नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचं कॉलेज आजही तिथे आहे, तो जीवाश्मांसाठी या भागात हिंडला होता. पिसदुऱ्याच्या शेतांत हाडांबरोबर प्राण्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळेही मिळतात. शतकभर त्यांच्याकडे कुतूहलापलीकडे कुणी फारसं पाहिलं नाही. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गोळे फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. गवताच्या पेशींत सिलिकाचे विशिष्ट आकाराचे बारीक कण तयार होतात आणि वनस्पती कुजली तरी ते उरतात. तसे कण त्यांना सापडले. गवताचे किमान पाच प्रकार त्यांतून ओळखता आले. तोवरची समजूत अशी होती की गवतांचा पसारा वाढला तो डायनासोर नाहीसे झाल्यावर; या कणांनी तिला धक्का दिला. २०११ साली त्याच थरांतल्या कणांवरून भाताच्या कुळाचीही मुळं डायनासोरांच्या काळापर्यंत मागे नेण्यात आली.