खंडणीच्या कुलपाची किल्ली

डिसेंबर १९८९मध्ये लंडनहून सुमारे २०,००० फ्लॉप्या टपालाने रवाना झाल्या. काही ‘पीसी बिझनेस वर्ल्ड’ या नियतकालिकाच्या वर्गणीदारांना गेल्या, काही जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला हजर राहिलेल्यांना. फ्लॉपीवर ‘एड्सविषयी माहिती’ असं छापलेलं होतं. या रोगाबद्दल मिळेल तिथून माहिती हवी असण्याचा तो काळ, त्यामुळे लोकांनी ती विश्वासाने संगणकात घातली. प्रोग्रॅम प्रश्न विचारायचा आणि तुम्हाला एड्सचा धोका किती ते सांगायचा. त्याच वेळी तो संगणक सुरू होताना चालणारी ‘ऑटोएक्झेक’ फाइल गुपचूप बदलून ठेवायचा आणि संगणक किती वेळा सुरू झाला ते मोजत राहायचा. साधारण ९०व्या खेपेला सगळ्या फायलींची नावं अगम्य व्हायची आणि पडद्यावर मागणी उमटायची : ‘पीसी सायबोर्ग कॉर्पोरेशन’ला पनामातल्या टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा.

रॅन्समवेअरचा, म्हणजे खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमांचा, हा मूळ पुरुष. त्याचा कर्ता जोसेफ पॉप हा हार्वर्डमधून डॉक्टरेट घेतलेला जीवशास्त्रज्ञ होता. त्याला अमेरिकेत अटक झाली, ब्रिटनमध्ये नेलं गेलं, आणि मानसिकदृष्ट्या खटल्याला योग्य नाही म्हणून १९९१मध्ये प्रकरण मिटलं.

त्या फ्लॉपीची चिरफाड केली जिम बेट्स या ब्रिटिश तज्ज्ञाने. १९९०च्या सुरुवातीलाच त्याने दाखवून दिलं की फायलींच्या आतल्या मजकुराला धक्काही लागलेला नाही. बदललेली आहेत ती फक्त नावं, आणि ती कशी बदलली हे त्याच प्रोग्रॅमच्या पोटात आहे. त्याने नावं पूर्ववत करणारा प्रोग्रॅमही लिहिला. पण तोवर कित्येकांनी घाबरून स्वतःच्या हाताने हार्ड डिस्क पुसून टाकल्या होत्या. चोराने जे नेलं नव्हतं, ते भीतीने नेलं.

या सगळ्या घराण्याचा इतिहास मला एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो : किल्ली कुठे आहे? पॉपने ती कुलपातच ठेवली होती. १९९६मध्ये कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित ॲडम यंग आणि मोती युंग यांनी, सावध करण्यासाठी, एक शोधनिबंध मांडला. त्यांचं म्हणणं असं की हल्लेखोराने दोन किल्ल्यांची पद्धत वापरली, तर कुलूप लावणारी किल्ली तेवढी तुमच्या संगणकावर येईल; उघडणारी त्याच्याजवळच राहील आणि कितीही चिरफाड केली तरी सापडणार नाही. पुढे तेच घडलं. सप्टेंबर २०१३मध्ये आलेल्या क्रिप्टोलॉकरने ही पद्धत वापरली आणि खंडणी बिटकॉइनमध्ये मागितली. पनामाच्या टपालपेटीची गरज संपली.

तरीही कुलूप बनवणारे चुकत राहिले, आणि फायली परत मिळाल्या त्या बहुधा अशा चुकांमुळेच. क्रिप्टोलॉकरच्याही आधीच्या, २००८च्या जीपीकोडची किल्ली १०२४ बिटांची होती, ती फोडणं अशक्यच. पण तो फाइलची कूटबद्ध प्रत नव्याने लिहायचा आणि मूळ फाइल नुसती डिलीट करायचा. डिलीट झालेली फाइल डिस्कवर लगेच पुसली जात नाही. फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम अशा फायली शोधून दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. नावं मात्र गेलेली असतात : एफ अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा अशा शेकडो फायलींमधून लग्नाचे फोटो नि दुकानाचे हिशेब एकेक उघडून ओळखावे लागतात. आजच्या एसएसडीवर ही सोय जवळजवळ संपली आहे, कारण डिलीट केलेली जागा ती स्वतःच लवकर साफ करते.

मे २०१७च्या वॉनाक्रायने किल्ली ज्या दोन मूळ संख्यांपासून बनवली, त्या काही जुन्या विंडोजवर संगणकाच्या मेमरीतच राहून जात. फ्रान्समधल्या आद्रियाँ गिने आणि बेंजामिन देल्पी यांनी आठवड्याभरात त्या काढण्याची साधनं तयार केली. मुख्य अट ही, की संगणक बंद केलेला नसावा. आणि काही बिघडलं की आपण सगळ्यात आधी तेच करतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी नेटची वायर काढा, वायफाय तोडा, बाहेरची डिस्क सोडवा. बंद-चालू करण्याची आणि फॉरमॅटची घाई नको.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला नॉटपेट्या पसरला आणि न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने ठप्प केलं. तिथे किल्लीचा प्रश्नच नव्हता. खंडणीच्या मागणीबरोबर पडद्यावर दिसणारा ओळखक्रमांक नुसताच यादृच्छिक होता, पैसे भरूनही काही उघडणार नव्हतं.

घरगुती संगणकांना सर्वाधिक छळलं ते स्टॉप-डीजेव्हीयू या कुळाने. फुकटच्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरबरोबर तो घरात येतो. त्याच्या ‘रीडमी’ चिठ्ठीत ९८० डॉलरची मागणी असायची आणि खाली एक लांब ओळखक्रमांक. त्या क्रमांकाची शेवटची दोन चिन्हं ‘टी१’ असतील तर आशा आहे : हल्ल्याच्या वेळी हल्लेखोरांच्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही आणि त्याने स्वतःजवळची ठरीव किल्ली वापरली. ती एमसिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीला कुणाकडून मिळाली असेल तर तिच्या मोफत साधनाने फायली उघडतात. अशी साधनं ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात एकत्र मिळतात. युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांबरोबर तो जुलै २०१६मध्ये सुरू केला.

चुकांवर भरवसा ठेवायचा नसेल, तर बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवावी. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कलाही तेच कुलूप लागतं, आणि विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती तर रॅन्समवेअर सहसा आधीच उडवतो. विंडोज १०पासून मिळणारी ठरावीक फोल्डरांची राखण आपण सुरू केल्याशिवाय चालू नसते, तीही करून घ्यावी.

एवढं करूनही कुलूप लागलं आणि आज साधन मिळालं नाही, तर बंद फायली आणि ती चिठ्ठी दोन्ही वेगळ्या डिस्कवर जपून ठेवाव्यात. मे २०१६मध्ये टेस्लाक्रिप्टवाल्यांनी धंदा आवरता घेतला, तेव्हा ईसेट या सुरक्षा कंपनीच्या एका संशोधकाने त्यांच्याच मदतकक्षात मुख्य किल्ली मागितली. त्यांनी ती जाहीर करून टाकली, आणि ज्यांनी फायली ठेवल्या होत्या त्यांच्या उघडल्या.