बॅलन्स शाफ्ट आणि अर्ध्या फेऱ्याची चूक

एका रांगेत चार सिलिंडर असलेल्या मोटारीच्या इंजिनात दोन पिस्टन वर जात असताना दोन खाली येतात, त्यामुळे त्यांचे धक्के आपसांत फिटत असावेत असा समज सहज होतो. प्रत्यक्षात पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड फिरताना तिरका होतो, त्यामुळे क्रँकच्या वरच्या अर्ध्या फेऱ्यात पिस्टन जितके अंतर कापतो तितके खालच्या अर्ध्यात कापत नाही. या तफावतीतून प्रत्येक फेऱ्याला दोनदा उठणारा जो उभा धक्का तयार होतो, त्याला दुय्यम कंप म्हणतात. चारही पिस्टनांचे हे धक्के एकाच वेळी एकाच दिशेने येत असल्याने त्यांची बेरीज होते, आणि वेगाच्या वर्गाप्रमाणे ते वाढत असल्याने मिनिटाला १५०० फेऱ्यांवर जाणवणारा धक्का ३००० फेऱ्यांवर चौपट होतो.

या कंपावरचा उपाय बर्मिंगहॅमचे मोटारनिर्माते फ्रेडरिक लँचेस्टर (१८६८–१९४६) यांनी शोधला. त्यांच्या सुरुवातीच्या दोन सिलिंडरच्या इंजिनातच परस्परविरुद्ध फिरणारे दोन क्रँकशाफ्ट होते. १९०४ मध्ये त्यांनी पेटंट घेतलेल्या योजनेत हीच कल्पना वेगळ्या रूपात आली. एका बाजूला जड केलेले दोन दांडे, म्हणजेच बॅलन्स शाफ्ट, क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरवले की त्यांचे आडवे जोर परस्परांना मारतात आणि उरलेला उभा जोर पिस्टनांच्या धक्क्याला छेद देतो. हे दांडे कंप शोषून घेत नाहीत, तर मूळ कंपाइतकाच दुसरा कंप उलट क्षणी मुद्दाम निर्माण करतात, आणि या उपायाचे बळ व जोखीम दोन्ही त्या ‘उलट क्षणी’ या अटीत आहेत.

पुढील कित्येक दशके ही योजना चारचाकींच्या मुख्य प्रवाहात फारशी रुजली नाही. लहान इंजिनाचा थरकाप रबरी माउंटिंगवर निभावत असे, तर मोठ्या गाडीचा ग्राहक स्वभावतःच समतोल असलेले सहा सिलिंडरचे इंजिन घेत असे. १९७५ मध्ये मित्सुबिशीने ॲस्ट्रॉन मालिकेच्या इंजिनात ‘सायलेंट शाफ्ट’ या नावाने दोन दांडे बसवले, आणि ते वेगवेगळ्या उंचीवर ठेवून उभ्या धक्क्याबरोबरच इंजिनाला आडवे डोलवणाऱ्या जोरालाही आवर घातला. पोर्शने १९८१ मध्ये सादर केलेल्या ९४४ या गाडीच्या अडीच लिटरच्या इंजिनासाठी मित्सुबिशीच्या पेटंटांचा परवाना घेतला. एवढ्या मोठ्या चार सिलिंडरच्या इंजिनाला पोर्श या नावाला शोभेल अशी सफाई अन्यथा आली नसती.

रेखनकाराने कागदावर सोडवलेला प्रश्न त्यानंतर गॅरेजात नव्याने उभा राहिला, कारण टायमिंग बेल्ट बदलताना दर वेळी तो ‘उलट क्षण’ मिस्त्रीला हाताने जुळवावा लागे. मित्सुबिशीच्या दोन लिटरच्या ४जी६३ या इंजिनात एक दांडा छोट्या स्वतंत्र बेल्टने आणि दुसरा तेलपंपाच्या गिअरमार्फत फिरतो. या दुसऱ्या दांड्याच्या बाबतीत बाहेरच्या चक्रावरची खूण तंतोतंत जुळलेली असूनही आतला दांडा अर्धा फेरा चुकलेला असू शकतो. म्हणून ब्लॉकच्या बाजूचा प्लग काढून त्या भोकातून ८ मिलिमीटर जाडीचा स्क्रूड्रायव्हर आत घालण्याची रीत ठरलेली आहे: तो ६० मिलिमीटर किंवा अधिक आत गेला तर दांडा योग्य जागी आहे, आणि २०–२५ मिलिमीटरवरच अडला तर चक्र एक पूर्ण फेरा फिरवून खूण पुन्हा जुळवावी लागते.

ही तपासणी वगळल्याने तो दांडा अर्धा फेरा चुकलेलाच राहिला तर उभा धक्का कमी होतच नाही, कारण दोन्ही दांड्यांचे उभे जोर आता एकमेकांनाच खोडतात. शिवाय त्यांचे आडवे जोर एकत्र येऊन आधी नसलेला हादरा जन्माला घालतात. दोन्ही दांडे अर्धा फेरा चुकले तर मूळ धक्का दुप्पट होतो. बेल्टचा एखादाच दाता सरकला असेल तर परिणाम सौम्य राहतो, आणि अशी गाडी ‘ठीक आहे’ म्हणून ग्राहकाच्या हाती पडण्याची शक्यता सर्वाधिक असते.

निदान करताना कंपाची गती हा सर्वांत विश्वासार्ह धागा ठरतो. क्रँकच्या दर फेऱ्याला एकदा येणारा हादरा फ्लायव्हील, क्लच किंवा पुढच्या पुलीकडे बोट दाखवतो, तर दोन फेऱ्यांत एकदा येणारा हादरा एखादा सिलिंडर नीट पेटत नसल्याचे सांगतो. दर फेऱ्याला दोनदा येणारा आणि वेगाबरोबर झपाट्याने चढणारा हादरा दांड्यांचा असतो. मात्र चार सिलिंडरच्या इंजिनात इंधनाचे ज्वलनही दर फेऱ्याला दोनदाच होते, त्यामुळे मंद वेगावरची थरथर बहुधा थकलेल्या माउंटिंगची असते आणि त्या अवस्थेत दांड्यांना दोष देणे घाईचे ठरते.

४जी६३ मध्ये छोटा बेल्ट तुटून मुख्य टायमिंग बेल्टमध्ये अडकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. या धास्तीने शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्यांत दांडे काढूनच टाकण्याची प्रथा रूढ झाली. त्यात तेलपंपासाठी तोकडा दांडा बसवावा लागतो, तसेच काढलेल्या दांड्यांच्या बेअरिंगकडे जाणारी तेलाची छिद्रे बंद करावी लागतात. ती उघडी राहिली तर तेलाचा दाब घसरतो, आणि कंप सोसायला तयार असलेल्या मालकालाही इंजिन पुन्हा उघडावे लागते.