कुठेही न नेणारा पूल

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कॅन्यन सिटी नावाचं एक छोटं शहर आहे. डेन्व्हरहून गाडीने दोन-अडीच तासांवर. शहराबाहेर आर्कान्सॉ नदीने कठीण ग्रॅनाइट आणि नाइस खडक कापत एक अरुंद, सरळसोट घळ कोरली आहे. तिचं नाव रॉयल गॉर्ज. खडकांचं वय सुमारे १७० कोटी वर्षं. घळ मात्र त्यामानाने अगदी अलीकडची, गेल्या काही दशलक्ष वर्षांतली. खोली ३८० मीटरच्या आसपास, आणि तळाशी एके ठिकाणी दोन भिंतींमधलं अंतर जेमतेम नऊ मीटर.

या घळीवर, नदीपासून २९१ मीटर उंचीवर, एक झुलता पूल आहे. शेजारी केबल कार आहे, झिपलाइन आहे. तुम्ही गेलात तर काय कराल? तिकीट काढाल, पुलावर चालायला लागाल, मधोमध थांबाल, लाकडी फळ्यांच्या फटींतून खाली चकाकणारी नदी बघाल, पोटात गोळा येईल, फोटो काढाल. आणि मग परत याल. कारण पलीकडे गाव नाही, बाजार नाही, स्टेशन नाही. त्याच उद्यानाचा दुसरा भाग आहे. हा पूल कुठे जाण्यासाठी बांधलेलाच नाही.

धातू का आणि कसे तुटतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे सहलीत पूल किंवा झिपलाइन आली की सगळे माझ्याकडे वळून विचारतात, "हे तुटणार तर नाही ना?" या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर सूत्रांबरोबर थोडा इतिहासही लागतो. रॉयल गॉर्ज त्यासाठी फार सोयीची जागा आहे, कारण तिथे एकाच घळीत दोन पूल आहेत. एक तळाशी, एक माथ्यावर. दोघांच्या बांधकामात पन्नास वर्षांचं अंतर.

खालचा पूल: १८७९

१८७० च्या दशकाच्या शेवटी वरच्या डोंगरांत, लेडव्हिल भागात चांदी सापडली. तिथवर रेल्वे नेणाऱ्या कंपनीची चांदी होणार हे उघड होतं. सोयीची वाट आर्कान्सॉच्या काठाकाठाने, म्हणजे रॉयल गॉर्जमधून जाणारी. अडचण एकच: घळ इतकी अरुंद की तिथे एकच रूळमार्ग मावेल. आणि कंपन्या होत्या दोन. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड आणि सँटा फे.

एप्रिल १८७८ मध्ये दोघींनी एकाच घळीत काम सुरू करायची धडपड केली. मग जे झालं त्याला आज 'रॉयल गॉर्ज युद्ध' म्हणतात. भाडोत्री बंदूकधारी आणले गेले, वाटेवर दगडी मोर्चे रचले गेले, एकमेकांची कामं अडवली गेली आणि त्याच वेळी कोर्टात खटलेही लढवले गेले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. शेवटी १८८० मध्ये बॉस्टनला तह झाला आणि घळ डेन्व्हर अँड रिओ ग्रँडकडे राहिली. त्याच वर्षी गाडी लेडव्हिलला पोचली.

या भांडणाच्या ऐन मध्यावर, १८७९ मध्ये, घळीच्या सगळ्यात अरुंद जागी एक पूल उभा राहिला. तिथे दोन्ही भिंती थेट पाण्यात उतरतात. काठ असा नाहीच, मग रूळ ठेवणार कुठे? अभियंता शेलर स्मिथ याने उपाय काढला. नदीच्या वर, दोन्ही भिंतींना टेकवून, घराच्या छपराच्या वाशांसारखे लोखंडी त्रिकोण उभे करायचे आणि त्यांना खाली रुळाचा पूल टांगायचा. म्हणून त्याचं नाव 'हँगिंग ब्रिज'. गंमत म्हणजे हा पूल नदी ओलांडत नाही. तो नदीच्या अंगावरून, तिच्याच दिशेने जातो.

हा खरा कामाचा पूल. त्याच्यासाठी माणसं बंदुका घेऊन उभी राहिली, कारण त्याच्या पलीकडे चांदी होती. पण थोड्याच वर्षांत एक वेगळी गोष्ट घडली. प्रवासी गाड्या या पुलाशी दहा मिनिटं थांबायला लागल्या. लोक खाली उतरायचे, मान वर करून आभाळाची पट्टी बघायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे. पूल ओलांडायच्या वस्तूतून बघायच्या वस्तूत बदलायला सुरुवात झाली ती इथे.

वरचा पूल: १९२९

१९०६ मध्ये अमेरिकन सरकारने घळीभोवतीची सुमारे ५,००० एकर जमीन उद्यानासाठी कॅन्यन सिटीला दिली. पुढे टेक्सासमधला लॉन पायपर हा उद्योजक शहराकडे प्रस्ताव घेऊन आला: घळीच्या माथ्यावर पूल बांधू. त्याच्या कंपनीचं नावच सगळं सांगतं: 'रॉयल गॉर्ज ब्रिज अँड अम्यूझमेंट कंपनी'. पूल आणि करमणूक. कुठलाही आडपडदा नाही.

जॉर्ज कोल या अभियंत्याच्या देखरेखीखाली ५ जून १९२९ ला काम सुरू झालं आणि नोव्हेंबरअखेर संपलंसुद्धा. जेमतेम सहा महिने, खर्च साडेतीन लाख डॉलर. बांधताना एकही माणूस दगावला नाही. मधल्या काळात, ऑक्टोबरच्या शेवटी, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला होता. ८ डिसेंबरला उद्घाटन झालं तेव्हा देश महामंदीच्या उंबरठ्यावर उभा होता, आणि इथे जगातला सगळ्यात उंच पूल लोकांना केवळ गंमत म्हणून खुला होत होता. हा उंचीचा विक्रम पुढे ७० वर्षांहून अधिक टिकला. २००१ मध्ये चीनमधल्या ल्यूग्वांगह पुलाने तो मोडला. १९३१ मध्ये घळीच्या तळापर्यंत उतरणारी कलती रेल्वेही सुरू झाली. म्हणजे करमणुकीचा पूल बघायला आलेला माणूस आता कामाच्या पुलाच्या पातळीपर्यंत खाली उतरू शकत होता.

बांधकामाची पहिलीच पायरी मला फार आवडते. ३०० मीटर खोल दरीवर पहिला दोर न्यायचा कसा? दोन्ही कड्यांवरून एकेक जाड तारदोर तळापर्यंत सोडला, खाली त्यांची टोकं जोडली आणि मग दोर वर ओढून ताणला. झालं, दरी ओलांडली! मग त्याच्या आधाराने बाकीचं सगळं.

तारांचं गणित

आता माझ्या प्रांतात या. या पुलाची प्रत्येक मुख्य केबल म्हणजे एक जाडजूड लोखंडी दांडा नव्हे. ती २,१०० पोलादी तारांची जुडी आहे, आणि प्रत्येक तारेवर जस्ताचा मुलामा आहे. एकच दांडा का नाही? कारण दांड्यात एक भेग पडली की ती आरपार जाऊ शकते. जुडीत भेग त्या एका तारेपाशी थांबते, आणि तिचा भार शेजारणी वाटून घेतात. २,१०० पैकी एक तार तुटली तर उरलेल्या प्रत्येकीवरचा ताण सरासरी ०.०५ टक्क्यांहूनही कमी वाढतो. पुलाला ते जाणवतही नाही. जस्ताचं कामही असंच समजूतदार आहे: हवा-पाण्याशी झिजायची पाळी आली की आधी जस्त झिजतं, पोलाद मागे राहतं.

दुसरी गोष्ट झोळाची. घरी कपडे वाळत घालायची दोरी आठवा. ती कितीही ताणून बांधा, ओली चादर टाकली की मधे झोळ येतोच. झोळ नको म्हणून आणखी ताणलीत तर एक दिवस भिंतीतली खुंटीच उपटून येते. हिशेब सोपा आहे. दोरीच्या मधोमध वजन टांगलं आणि झोळ लांबीच्या विसाव्या भागाइतका असला, तर दोरीतला ताण त्या वजनाच्या पाचपट होतो. झोळ निम्मा केलात, तर ताण दहापट. म्हणून झिपलाइनची तार मुद्दाम सैलसर ठेवलेली असते. तिच्यावरून शंभर किलोचा माणूस मधोमध जात असेल तर पहिल्या हिशेबाने तारेत त्याच्यामुळे पाचशे किलोचा ताण येतो. तारेचं स्वतःचं वजन वेगळं. पण झिपलाइनचा एक मोठा गुण आहे: माणसं मोजून सोडतात. एका वेळी तारेवर किती वजन आहे, हे सोडणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

पुलाचं तसं नसतं.

थांबणारी माणसं

कामाच्या पुलावरची माणसं चालत राहतात. त्यांना पलीकडे पोचायचं असतं. करमणुकीच्या पुलावरची माणसं थांबतात. तीही मधोमध, जिथे दृश्य सगळ्यात चांगलं असतं, आणि बहुतेक एकाच कठड्याला रेलून. रॉयल गॉर्जच्या मुख्य गाळ्याची लांबी २६८ मीटर आणि रुंदी साडेपाच मीटर आहे. दाटीवाटीने एका चौरस मीटरवर चार माणसं धरलीत, तर जवळजवळ ५,९०० माणसं मावतील. माणशी ७० किलोने हे चारशे टनांच्या वर जातं. असा पूल आखताना 'रोज किती लोक पलीकडे जातात' हा प्रश्न कामाचा नाही. 'एकाच वेळी किती लोक उभे राहतील', हा खरा प्रश्न.

रॉयल गॉर्जला निदान हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण तो बांधलाच होता लोकांनी थांबावं म्हणून. तरी एक उणीव राहिली. वाऱ्याने पूल हेलकावू नये म्हणून बाजूंनी ताणलेल्या ज्या केबल लागतात, त्या १९२९ मध्ये बसवलेल्या नव्हत्या. नोव्हेंबर १९४० मध्ये वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमा नॅरोज पूल ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला आणि वारा म्हणजे काय चीज आहे ते सगळ्या पूल-अभियंत्यांना कळलं. तरीही रॉयल गॉर्जवर वाऱ्याच्या केबल आल्या त्या १९८२ मध्ये. म्हणजे ५३ वर्षांनी. तोवर पूल पडला नाही, याचा अर्थ उणीव नव्हती असा होत नाही. मात्र जुन्या पुलात उणीव आहे हे मान्य करून पैसे खर्च करण्याचा निर्णय कुणीतरी घेतला. माझ्या दृष्टीने या पुलाच्या इतिहासातली हीच मोठी तारीख. उद्घाटनाची नव्हे.

जून २०१३ मध्ये वणवा लागला. उद्यानातल्या ५२ पैकी ४८ इमारती जळाल्या, केबल कार आणि कलती रेल्वेही गेली. पूल उभा राहिला. काही फळ्यांवर भागलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा उघडला.

आता आपल्याकडे या. १८७९ मध्ये, म्हणजे कोलोरॅडोत हँगिंग ब्रिज होत होता त्याच वर्षी, गुजरातेत मोरबीला मच्छू नदीवरच्या झुलत्या पुलाचं उद्घाटन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांच्या हस्ते झालं. तो बांधला होता संस्थानिकांनी, ये-जा करण्यासाठी. रुंदी सव्वा मीटर. काळ बदलला, ये-जा संपली आणि गर्दी सुरू झाली. ३० ऑक्टोबर २०२२ ला, दुरुस्तीनंतर उघडून चारच दिवस झाले असताना, त्याची मुख्य केबल तुटली आणि १३५ माणसं गेली. चौकशीत आढळलं की त्या केबलच्या ४९ तारांपैकी २२ तारा गंजलेल्या होत्या आणि बहुधा आधीच तुटलेल्या होत्या. हिशेब करून बघा: ४९ चं ओझं २७ तारांनी उचलायचं, म्हणजे प्रत्येकीवर १.८ पट. शेजारणींनी बिचाऱ्यांनी शेवटपर्यंत वाटून घेतलं. वाटून घेण्यालाही मर्यादा असते.

आणि १५ जून २०२५ चा रविवार तर मावळातल्या कुणालाच विसरता येणार नाही. कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून चार जण दगावले. तो झुलता पूल नव्हता, पण गोष्ट तीच. पूल गावकऱ्यांच्या जाण्यायेण्यासाठी होता. त्या दिवशी त्याच्यावर उभे होते ते पाणी बघायला आलेले लोक.

मला यातून दिसतं ते एवढंच. पूल बदलत नाही, त्याचा वापर बदलतो, आणि तो बदलल्याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. कामाचा पूल करमणुकीचा होतो तेव्हा उद्घाटन होत नाही, फीत कापली जात नाही. एका रविवारी चार लोक थांबतात, पुढच्या रविवारी चाळीस. रॉयल गॉर्जचं वेगळेपण उंचीत नाही. त्याने पहिल्या दिवशी आपल्या नावातच सांगून टाकलं की इथे माणसं थांबणार आहेत.

म्हणून पुढच्या वेळी झुलत्या पुलावर किंवा झिपलाइनच्या मचाणावर उभे असाल आणि माझ्यासारखी कुणी सोबत नसेल, तर "तुटणार नाही ना?" असं विचारू नका. त्याला सगळे "नाही हो" म्हणतात. दोन साधे प्रश्न विचारा: एका वेळी किती जणांना सोडता? आणि तारा शेवटच्या कधी तपासल्या? पहिल्याचं उत्तर आकड्यात आणि दुसऱ्याचं तारखेत मिळालं, तर खुशाल जा. मधोमध थांबा, खाली बघा, फोटो काढा. आकडा आणि तारीख मिळाली नाही, तर काठावरूनही नदी छान दिसते.