देवाविरुद्ध बंड : ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रकाशात

‘माझे तरणेताठे मूल गेले तेव्हा मी देवाला नको ते बोलले. हे बंड झाले का?’ अशा आशयाचे प्रश्न धर्मगुरूंना वारंवार ऐकावे लागतात. शिर्डी-राहाता परिसरात आणखी एक प्रश्न निघतो: आपले शेजारी ख्रिस्ताला मानत नाहीत, मग ते देवाविरुद्ध बंड करीत आहेत काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे ‘बंड’ या शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहेत.

जुन्या करारात पापासाठी जे हिब्रू शब्द येतात, त्यांपैकी ‘पेशअ’ हा मुळात राजकीय शब्द आहे. मवाबाने इस्राएलचे वर्चस्व झुगारून दिले (२ राजे १:१), तेथे याच धातूचे क्रियापद वापरले आहे. म्हणजे बंडासाठी आधी नाते हवे, आणि ते जाणूनबुजून तोडणे हवे.

मराठीत हा विषय चारशे वर्षांपूर्वीच आला आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले व त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले. त्यातील ‘पैले पुराण’ जुन्या कराराचा विषय सांगते. ल्युसिफराचे पतन आणि आदाम-एवेची आज्ञाभंगाची कथा त्यात सविस्तर येते. रोमन लिपीत छापलेला हा ग्रंथ १९५६ साली शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली देवनागरीत आला, तेव्हा घाटावरच्या वाचकाला तो खऱ्या अर्थाने खुला झाला. आमच्या किती घरांत तो आहे, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू.

देवदूतांच्या पतनाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण नेमकी आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने सांगितले की, सैतानाला देवाने चांगलेच निर्माण केले होते. तो दुष्ट झाला तो स्वतःच्या निवडीने. त्याची निवड पूर्ण जाणिवेची होती, म्हणूनच ती न बदलणारी ठरली. माणसाचे तसे नाही. आदामाला बागेबाहेर जावे लागले, पण त्याआधी देवाने स्वतः त्याला चामड्याची वस्त्रे करून घातली (उत्पत्ती ३:२१).

पवित्र शास्त्रातील बंडखोर पाहिले तर आश्चर्य वाटते. कोरह व त्याचे अडीचशे साथीदार (गणना १६) उघड बंडखोर होते, हे समजते. परंतु मरीबाच्या पाण्यापाशी प्रत्यक्ष मोशे आणि अहरोन यांच्यावरही हाच ठपका येतो (गणना २०:२४). शौल राजाचे उदाहरण तर आम्हांस अधिक बोचणारे वाटते. देवाची आज्ञा मोडून त्याने उत्तम गुरेमेंढरे राखली आणि ती यज्ञासाठी असल्याचे सांगितले. शमुवेलाने त्यालाच बंड म्हटले (१ शमुवेल १५). बंड यज्ञाच्या, उपासनेच्या आडूनही होऊ शकते! हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत मेणबत्ती लावून नवस फेडणाऱ्याने भावाची जमीन बळकावलेली असेल, तर त्याला शौलाचा अध्याय वाचावयास द्यावा.

आता दुःखी मातेचा प्रश्न. ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, यिर्मया देवाने आपल्याला फसविले असे म्हणतो, आणि प्रभू येशू क्रूसावर बाविसाव्या स्तोत्राचे विलापशब्द उच्चारतो. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर. ईयोब योग्य बोलला, असा निर्वाळा तो स्वतः देतो (ईयोब ४२:७). विलाप करणारा देवाशीच बोलत असतो. बंडखोराने ते बोलणे थांबविलेले असते. म्हणून अशा मातेला पापनिवेदनाआधी सांत्वनाची गरज आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘देवाची इच्छा’ म्हणून तिला गप्प करणारे ईयोबाच्या मित्रांच्याच पंक्तीत बसतात.

गंभीर पापासाठी ख्रिस्तसभा तीन अटी सांगते: विषय गंभीर असणे, त्याचे पूर्ण ज्ञान असणे आणि जाणीवपूर्वक संमती असणे. ज्याला ख्रिस्ताची ओळखच झाली नाही, त्याच्या बाबतीत दुसरी अट पूर्ण होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात (परिच्छेद १६) म्हटले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान ठाऊक नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात व सदसद्विवेकानुसार वागतात, त्यांनाही तारण लाभू शकते. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, अन्य धर्मांविषयीच्या घोषणापत्रात, त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे नमूद झाले. तेव्हा साईमंदिराकडे पायी निघालेल्या पालखीतील भाविकाला बंडखोर म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. ज्ञान आणि संमती यांच्या अटी लागू होतात त्या प्रथम बाप्तिस्मा घेतलेल्या आपल्यालाच.